उकडलेलं कापड आणि दादांची मिशी

आमच्या घरात कुकर दोन कामांसाठी लागायचा. डाळ असली तर तीन शिट्ट्या आणि कापड असलं तर सात. आमच्या कॉलनीतल्या भिंती अशा की शेजारी कुणी पापड मोडला तरी आपल्याला चव यावी, त्यामुळे शेजारच्या बायका आमच्या शिट्ट्या मोजत आणि चौथी झाली की म्हणत, आज सुनंदाच्या घरी चड्ड्या शिजताहेत. आईला हे फार लागायचं. तिची खरी तक्रार वेगळीच होती. नव्या नायलॉनच्या धाग्याला कारखान्यात एक तेल लावलेलं असतं, ते उकळल्यावर सुटतं, आणि कुकर राखेनं कितीही घासला तरी दुसऱ्या दिवशीच्या डाळीला शिलाई मशीनचा वास येतो. आम्ही ती डाळ बोंबलाच्या चटणीबरोबर खायचो, म्हणजे एका वासानं दुसरा वास मरायचा. अजूनही कुठं कुणी मशीनला तेल घालताना दिसलं की मला भाकरीची भूक लागते, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

हे सगळं दादांमुळे. दादा म्हणजे माझे वडील. सातपूरच्या एका सूत कारखान्यात ते वाफेच्या पेटीवर कामाला होते. पेटी म्हणजे खोलीएवढा लोखंडी डबा. धाग्याची बोबिनं गाड्यावर रचून आत ढकलायची, दार आवळायचं, वाफ सोडायची आणि वेळ झाली की बाहेर काढायची. या पेटीत काय होतं, हे दादा ज्याला त्याला सांगत, विचारलं नसलं तरी. ते म्हणत, हा धागा जन्मतो तेव्हा मऊ असतो, मग मशीन त्याला ओढून ओढून लांब करतं. वरून तो सरळ दिसतो, पण त्याच्या पोटात राग असतो. पुढं कधी गरम पाणी लागलं, इस्त्री लागली, की तो राग काढतो आणि आखूड होतो. म्हणून त्याला अगोदरच एकदा जबर वाफ द्यायची, काय आटायचं ते तिथंच आटून घे म्हणायचं. मग जन्मात पुन्हा तेवढी वाफ लागेपर्यंत तो गप्प. नायलॉनला ओलावा लागला की तो लवकर ऐकतो, पॉलिएस्टर मात्र कोडगा, त्याला नुसत्या पाण्याचं काही वाटत नाही, कडक तापच द्यावा लागतो. हे ते इतक्या मायेनं सांगत की ऐकणाऱ्याला ते आपल्या पोरांबद्दल बोलताहेत असं वाटावं.

कारखान्यात पेटीच्या पलीकडं काचेचं दार असलेली तपासणीची खोली होती. तिथं पांढऱ्या कोटातले लोक धाग्याची लड मोजत, उकळत, पुन्हा मोजत आणि कागदावर सही करत. दादांना त्या खोलीत गाडा आत ढकलण्यापुरताच प्रवेश होता. त्यांनी काय केलं, तर आमच्या स्वयंपाकघरात स्वतःची तपासणीची खोली उघडली. एक दोनशे पानी वही आणली आणि तिच्यात चार रकाने आखले: आधी, नंतर, आटलं किती, तपासणार. घरात येणाऱ्या प्रत्येक कापडाचा तुकडा, नाडी, रिबीन, एकदा तर आत्याच्या विगाचा केससुद्धा, बारा इंच मोजून उकळला जाई आणि वहीत नोंदला जाई. तपासणार मी. सातवीत होते. शाळेत माझ्या सहीला कुणी विचारत नव्हतं आणि इथं पानोपानी माझी सही, त्यामुळे मी फार तोऱ्यात असायची. पुढं माझी सगळी नोकरी असल्याच एका तपासणीच्या खोलीत, पांढऱ्या कोटात गेली. त्या नोकरीत मी एकही आकडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहिला नाही. साहेब लोक कौतुकानं कारण विचारायचे. ते कारण आज इथं लिहिते आहे.

दादांचे प्रयोग सगळेच काही जमत नसत. एकदा त्यांनी स्वतःची नवी टेरिलीनची पँट सात शिट्ट्या देऊन उकडली, पण कुकरात बसावी म्हणून घडी करून कोंबली होती. तापलेल्या धाग्याला ज्या आकारात गार व्हायला लावाल तो आकार तो धरून बसतो, हे दादांना माहीत होतं, पण माहीत असणं आणि आठवणं यात फरक आहे. पँट बाहेर आली ती गुडघ्यात वाकलेली. इस्त्री केली, पाटा ठेवला, रात्रभर गादीखाली घातली, पँटीनं ऐकलं नाही. दादा ती पुढं चार वर्षं कामावर घालत, आणि उभे असले तरी बसायच्या बेतात असल्यासारखे दिसत. बसमध्ये लोक त्यांना सरकून जागा द्यायचे. दादा म्हणत, बघ, तोटा काही नाही झाला.

त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या कॉलनीनं मुलींचं लेझीम पथक काढायचं ठरवलं. महिला मंडळाच्या साळवेबाई शिकवायला. बाई शाळेत पीटी शिकवत आणि घरीही शिट्टी गळ्यात घालूनच भाजी निवडत. बावीस मुली, पांढरा पंजाबी ड्रेस, निळी ओढणी. रोज चारला विहाराच्या पटांगणात सराव, आणि तो छन्नक छन्नक आवाज झोपेतही कानात वाजायचा. पुढच्या ओळीत कोण राहणार हे बाई शेवटच्या आठवड्यात ठरवणार होत्या. मला पुढच्या ओळीत उभं राहायचं होतं. याहून मोठी इच्छा मला त्यानंतर लग्नाच्या वेळीही झाल्याचं आठवत नाही.

कापड दादांनी आणलं. कारखान्याच्या ओळखीतून त्यांना पांढऱ्या नायलॉनचं एक ठाण मिळालं होतं, विणून झालेलं पण तापवायचं राहून गेलेलं. शिवायचं काम बाबुराव टेलरकडं. बाबुराव मूळ सटाण्याकडचे, बोलणं अहिराणी वळणाचं, गळ्यातला टेप जेवतानाही काढत नसत. त्यांनी कापड चिमटीत धरलं, ओढलं, नाकाला लावलं आणि मान हलवली. सुती असतं तर रात्रभर पाण्यात भिजवून घेतलं असतं, आपल्याकडं सगळ्या घरांची तीच रीत. पण हे नायलॉन गार पाण्याला दाद देणार नाही आणि इस्त्रीखाली दगा देईल, तेव्हा मी प्रत्येक शिवणीला दोन दोन इंच माया सोडणार, असं त्यांचं म्हणणं. शिवणीच्या आत जे कापड उसवून वाढवायला ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. आयांना तर ती हवीच होती, पोरी वाढत्या अंगाच्या. दादांना मात्र तो आपल्या शास्त्राचा अपमान वाटला. ते म्हणाले, मी उकडून देतो, तुम्ही मापात शिवा, सुताएवढीही माया नको.

"वसंतभाऊ, हाई कापड आटी जाई," बाबुराव म्हणाले. "मी सांगस ना."

"अर्धा इंच आटलं, तर मिशी काढून टाकीन," दादा म्हणाले.

दुकानातली सगळी माणसं वळून बघू लागली, कारण ती मिशी साधी नव्हती. टोकापासून टोकापर्यंत साडेसहा इंच, मी स्वतः मोजली होती, वहीत नोंद आहे. कामावर निघताना दादा तिला खोबरेल तेलाचं एक बोट लावत. आईनं लग्नाला होकार दिला तो मिशीमुळे, असं ती उघड सांगायची. मुलगा बघायला आला तेव्हा मी मान वर केली तर मिशीच दिसली, म्हणायची, मागचा माणूस नीट बघायचा राहूनच गेला. शर्तीची बातमी घरी पोचली तेव्हा ती पोळी लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही, पण त्या दिवशीची प्रत्येक पोळी आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली.

मग ते उकडणं. कुकरात ठाण मावणार नव्हतं, म्हणून मंडळाचा मोठा हंडा निघाला, ज्यात जयंतीचं जेवण शिजतं. पँटीचा धडा घेऊन दादांनी कापडाला एकही घडी पडू दिली नाही, बांबूच्या आखूड तुकड्यांवर ते सैल गुंडाळलं, हंड्यात थोडं पाणी आणि वर जाळी, जाळीवर बांबू उभे, झाकण कणकेनं लिंपलं, वर आमचा पाटा आणि बाबुरावांचा नकाराचा चेहरा. पटांगणात तीन दगडांची चूल पेटली, वाफ निघू लागली आणि अर्ध्या तासात लोक ताटल्या घेऊन येऊ लागले. मंडळाचा हंडा चढलाय म्हणजे पंगत आहे, एवढं साधं गणित. दादांनी ओरडून सांगितलं की आत कापड आहे. कुणी विश्वास ठेवेना. म्हातारे कोंडीबाबा तर शेवटपर्यंत पहिल्या नंबरावर उकिडवे बसून राहिले, आणि झाकण उघडून बांबू बाहेर आले तेव्हा हळूच म्हणाले, "रस्सा तरी वाढा." शेवटी आईला घरून पिठलं करून आणावं लागलं. कापडावर मात्र दादांनी आधी शाईनं वीस इंचांवर दोन ठिपके दिले होते, ते उकडल्यावर साडेअठरांवर आले. मग त्याच तुकड्यावर पाणी शिंपडून कडक इस्त्री फिरवली आणि पुन्हा मोजलं, तरी साडेअठराच. धाग्याचा राग निघून गेला होता. मी वहीत शून्य लिहिलं, खरंखुरं, आणि सही केली.

आता धागा. कापड नायलॉनचं, तर शिवणही नायलॉनचीच हवी, असा दादांचा हट्ट. त्यांनी कारखान्यातून टाकाऊ बोबिनांतून शिवायच्या धाग्याची चार बोबिनं मागून आणली. दुपारपाळीला निघताना त्यांनी मला त्यातला एक तुकडा दिला, बारा इंचांवर दोन गाठी मारलेला, आणि निक्षून सांगितलं की ही बोबिनं वाफेच्या पेटीतून गेली आहेत का जायची राहिली आहेत हे वरून बघून कळत नाही, तेव्हा अर्धा तास उकळ, वाळव, मोज, लिही. बाबुराव संध्याकाळी येतील, आकडा शून्य असेल तरच बोबिनं दे. एवढं सांगून दादा त्यांच्या गुडघ्यात वाकलेल्या पँटीत निघून गेले.

स्टोव्ह पेटेना. पिन घातली, पंप मारला, काकडा लावला, तो नुसता फुरफुरला आणि विझला. आई पाणी भरायला गेलेली. घड्याळात पावणेचार, आणि बाई त्याच दिवशी पुढची ओळ निवडणार होत्या. पटांगणातून पहिला छन्नक ऐकू आला. मी उभ्याउभ्या विचार केला, आणि तो विचार मला अजून शब्दशः आठवतो: आजवर दादांच्या कारखान्यातलं काही आटलंय का? मग मी तो धागा तांब्यातल्या गार पाण्यात बुडवला, म्हणजे निदान ओला तरी झाला, फ्रॉकला पुसला, नमुने ठेवायच्या काडेपेटीत टाकला आणि वहीत लिहिलं: आधी बारा, नंतर बारा, आटलं शून्य. सही नेहमीपेक्षा जरा लफ्फेदार केली. बाईंनी मला पुढच्या ओळीत घेतलं. बाबुराव बोबिनं घेऊन गेले.

ड्रेस आले ते जयंतीच्या आदल्या संध्याकाळी, सुरेख, मापात, सुताएवढीही माया नाही. इस्त्री ज्यानं त्यानं घरी करायची होती. सकाळी आईनं कोळशाची इस्त्री फुंकून तयार केली, ड्रेस पसरला, पाणी शिंपडलं आणि बाहीच्या शिवणीवर इस्त्री टेकवली. चर्र झालं आणि बाही चालायला लागली. आईपासून लांब, वर, खांद्याकडं. आईनं दचकून बाजूची शिवण दाबली तर ती गोळा होत होत काखेत गेली. कापड जागच्या जागी होतं, आटला होता फक्त धागा, आणि आटताना त्यानं सगळं कापड आपल्याबरोबर ओढून चुण्या चुण्या करून ठेवलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या घरातून "अगं बाई" ऐकू आलं. मग त्यापलीकडून. मग मागच्या चाळीतून. बावीस घरांत बावीस इस्त्र्या तापल्या होत्या, आणि मी ओट्यापाशी उभी राहून त्या हाका मोजत होते. बारा मोजल्या आणि मला रडू आलं.

मिरवणूक काही थांबणार नव्हती. साळवेबाईंनी आम्हाला रांगेत उभं केलं, एकेकीकडं पाहिलं, शिट्टी तोंडात धरली आणि हसू आवरायला ती जोरात फुंकली. आम्ही बावीस जणी टम्म फुगलेल्या पुऱ्यांसारख्या दिसत होतो. बाह्या कोपराच्या वर फुग्यासारख्या, कडेला झालर, सलवारी पोटऱ्यांवर. त्यातून एप्रिलचं ऊन आणि नायलॉन, म्हणजे पुऱ्या आतून तळल्याही जात होत्या. पण निळे झेंडे वर गेले, हलगी वाजली, आणि काय सांगू, आम्ही कधी नाचलो नाही तशा नाचलो. हात वर केले की झालर उडायची. लोकांनी टाळ्या धरल्या. देवळाली कॅम्पाहून आलेल्या एका बाईनं बाबुरावांना गाठून विचारलं की ही नवी फॅशन कुठली, आणि बाबुरावांनी डोळ्याचं पातं न लवू देता सांगितलं, "मनी डिझाइन शे." त्या उन्हाळ्यात त्यांनी चुण्यांचे इतके ड्रेस शिवले की मुलाला सायकल घेतली.

संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर शर्तीचा निवाडा झाला. पंच साळवेबाई. बाबुराव तर खूशच होते, ते म्हणाले शर्त सोडून द्या. बाईंनी माझ्याच ड्रेसवर टेप लावला, शिवणींच्या मधलं कापड मोजलं आणि जाहीर केलं की कापड कुठंही आटलेलं नाही, शर्त कापडाची होती, सबब वसंतराव जिंकले. टाळ्या पडल्या. दादा हसले नाहीत. त्यांच्या हातात ती काडेपेटी होती, ती ते बोटांनी उघडत मिटत होते. मग बाईंनी सहज विचारलं, "पण भाऊ, धागा तपासला नव्हता का?"

वही माझ्या काखेत होती. त्या पानावर माझी लफ्फेदार सही होती. मला वाटलं, आता सगळ्या कॉलनीसमोर वही उघडली जाणार. मी पुढच्या ओळीत उभी होते, तिथून मागं सरकायलाही जागा नव्हती.

"राहिला तपासायचा," दादा म्हणाले. "चूक माझी."

मला इतकं हायसं वाटलं की मी मूर्खासारखी हसले. तपासायचं काम मला दिलं होतं हे दादा विसरले, असंच मला वाटलं. हल्ली सुनेच्या वॉशिंग मशीनमधून कपडे काढताना कॉलरवरची चिठ्ठी दिसते, आटणार नाही म्हणून हमी दिलेली, आणि दर वेळी मी त्या चिठ्ठीमागच्या न दिसणाऱ्या माणसाला मनात विचारते, बघितलंस ना रे बाबा नीट?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर दादा अंगणात आरशासमोर बसले होते, आणि त्यांच्या नाकाखाली काही नव्हतं. वरचा ओठ वर्षानुवर्षं ऊन न लागल्यानं पांढराफटक, चेहरा एखाद्या अनोळखी, लाजऱ्या माणसाचा. शर्त जिंकूनही कशाला काढली, असं आई दारातून ओरडली. मग जवळ आली, पदराला हात पुसत बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली आणि म्हणाली की माणूस काही वाईट नाही. दादांनी तिला चहा टाकायला पाठवलं. मग मला जवळ बोलावलं, टेप आणि वही आणायला लावली.

"लिही," ते म्हणाले. "मिशी. आधी, साडेसहा इंच."

मी लिहिलं.

त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, त्यातला तो दोन गाठींचा धागा उघड्या पानावर ठेवला आणि बोटानं सरळ केला. तो टेपाला लावून बघायचीही गरज नव्हती. जसा दिला होता तसा, सरळ, बाराच्या बारा इंच. दादांनी त्याच्याकडं पाहिलं नाही आणि माझ्याकडंही पाहिलं नाही. ते ओठ पुढं करून बसले.

"आता नंतरचं मोज."

मी त्यांच्या ओठावर टेप धरला. गुळगुळीत होता. मी म्हटलं, शून्य.

"नीट बघून लिही," दादा म्हणाले. "हे शून्य तरी खरं असू दे."

मी टेप पुन्हा लावला.